उडालेले सहाशे बारा नंबर परत आणून देणाऱ्या पोरास

प्रिय बाळा,

तुझं नाव घालायचं नाही, असं तू मला दोनदा बजावलंयस. "काकू, नाव घातलासा तर उद्या निम्मी शाहूपुरी फुकटात करून घ्यायला दारात हुबी ऱ्हाईल." म्हणून नाव नाही, दुकानाचं नाव नाही, राजारामपुरीतली गल्ली कितवी तेही नाही. पण आभार मात्र चारचौघांतच मानणार. त्या दिवशी दुकानात मला धड बोलताच आलं नाही. डोळे पुसेपर्यंत तू दुसऱ्याच्या फोनला काच बसवायला घेतली होतीस.

माझा धंदा तुला आता माहीत आहे, बाकीच्यांसाठी सांगते. फाल्गुन लागला की आमच्या घरात चटणीशिवाय दुसरा विषय नसतो. कांदा-लसूण चटणी, तीही डंकावर कुटलेली. रंगाला ब्याडगी, चवीला आणि ठसक्याला संकेश्वरी, आणि ज्याला नाकातनं धूर काढून घ्यायचाय त्याच्यासाठी वरून मूठभर लवंगी. कोल्हापूर सोडून पुण्या-मुंबईला गेलेली माणसं वर्षाची चटणी माझ्याकडून नेतात. प्रत्येकाचं प्रमाण वेगळं, आणि ते प्रमाण मी कुठं लिहून ठेवत होते? तर फोनमधल्या नावातच. आडनावं मला पाठ राहत नाहीत. त्यामुळं माझ्या फोनमध्ये माणसं अशी असायची: "कोथरूड कमी तिखट". "ठाणे खोबरं जास्त". "नाशिक डॉक्टर मीठ निम्मं". "डोंबिवली तीन किलो पैसे मागून". "अमेरिकेची लेक मे महिना". तू यादी उघडलीस तेव्हा हसू दाबत होतास, मला दिसलं.

पूर्वी हे सगळं डायरीत होतं. पण आमचं घर कुंभार गल्लीच्या अंगाला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा आत आली, तेव्हा आम्ही गॅसची शेगडी आणि सासूबाईंना वर नेलं, डायरी खालीच राहिली. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट झालं की धोका म्हणतात, त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. तुमच्या राजारामपुरीला पाणी माहीत नाही, त्यामुळं तुला कळायचं नाही, पण चिखल धुतल्यावर ती डायरी म्हणजे नुसता शाईचा लगदा होता. तेव्हा ठरवलं, आता सगळं फोनमध्ये. फोन आपला उशाशी असतो, त्याला कुठला पूर येतोय!

आला. आणि नदी नव्हे, मीच आणला.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी जरा सवड होती. यादीत एकेक नाव दोन-दोनदा दिसायचं, कोथरूड दोन, ठाणे दोन. ते पसारे बघून माझ्या हाताला चैन पडेना. म्हटलं जोडीतलं एकेक काढून टाकू. एकाला बोट दाबून धरलं, वर "सिलेक्ट ऑल" आलं. मला वाटलं, सगळ्या जोड्या म्हणतोय. दाबलं. मग त्यानं काहीतरी विचारलं, तेही दाबलं. चष्मा स्वयंपाकघरात होता. यादी कोरी झाली, घासलेल्या ताटासारखी.

पुढचे तीन आठवडे कसे गेले ते तुला सांगितलं नव्हतं, तेव्हा तू घाईत होतास. फोन यायचा, नुसता नंबर. पलीकडून अगदी घरच्यासारखा आवाज, "काकू, आपलं नेहमीचंच पाठवा हं!" आणि मी, "हो हो, नेहमीचंच ना?" बारा-बारा वर्षं चटणी नेणाऱ्या माणसाला तुम्ही कोण असं कुठल्या तोंडानं विचारायचं? मग मी युक्ती काढली. "पत्ता परत एकदा धाडा बरं, कुरिअरवाला बदललाय." पत्त्यावरनं गाव कळायचं, पण मीठ निम्मं की पुरं हे कुठल्या पत्त्यावर लिहिलेलं असतं? व्हॉट्सॲपवर बोलणं सगळं जागच्या जागी होतं, पण नावाच्या जागी आकडे. फोटोत बघावं तर कुणाचं गुलाबाचं फूल, कुणाचा नातू. शेवटी कोथरूडच्या बाईंना लवंगी घातलेली दोन किलो गेली. त्यांचा फोन आला, "काकू, ह्या वर्षी आमच्यावर राग आहे का?" त्या आवाजावरनं मी त्यांना ओळखलं. पण ओळखून उपयोग काय, चटणी तर पोचली होती.

उपाय केले नाहीत असं नाही. पुतण्यानं एक ॲप घालून दिलं, नंबर परत आणणारं म्हणून. त्यानं आधी फोटो बघायची परवानगी मागितली, मग मेसेज वाचायची, मग पैसे. आणि दाखवलं काय, तर जे नंबर फोनमध्ये होतेच तेच. मग एका दुकानात गेले. त्यांनी अडीच हजार सांगितले, फोन दोन दिवस ठेवायचा, आणि चिठ्ठीवर फोनचा पॅटर्न आणि ईमेलचा पासवर्ड लिहून द्यायचा. माझ्या फोनवर बँकेचे मेसेज येतात. मी चिठ्ठी अर्धी लिहिली होती, खरं सांगते. पेन चालेना म्हणून वाचले.

तुझ्याकडे मी नंबर घेऊन आलेच नव्हते. लेबलांच्या झेरॉक्स काढायला आले होते. मशीन गरम होईपर्यंत तू सहज विचारलंस, "काकू, यंदा सीझन कसा काय?" आणि माझा बांध फुटला. "मीच उडवलो रे सगळे नंबर!" म्हणाले. (आम्ही कोल्हापूरच्या बायका "केलो, आलो"च म्हणतो, पत्रात तेवढं सुधारून लिहितेय.)

मला जे आवडलं ते हे, की तू फोन हातात घेतला नाहीस. आधी विचारलंस, कधी उडाले? नंबर सिमवर होते, फोनमध्ये होते की गूगलच्या खात्यात? त्यानंतर फोन रिसेट वगैरे केलाय का? शेवटच्या दोन्हींची उत्तरं मला धड देता आली नाहीत. पण कधी ते मला पक्कं माहीत होतं. पाडव्याचा दुसरा दिवस. तू भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून मोजायला लागलास. जोतिबाची यात्रा होऊन त्या दिवशी दहा दिवस झाले होते. "तेवीस," म्हणालास, आणि पहिल्यांदा तुझा चेहरा मोकळा झाला. "तिसाच्या आत हाय काकू. बसा की."

मग तू समजावलंस ते मी इथं लिहिते, कारण माझ्यासारख्या दहाजणी हे वाचतील. नंबर गूगलच्या खात्यात जतन झालेला असेल, तर फोनमधून उडवल्यावर तो लगेच नाहीसा होत नाही. कॉन्टॅक्टच्या ॲपमध्ये बिन म्हणून एक जागा आहे, तिथं तो तीस दिवस पडून राहतो. एकतिसाव्या दिवशी कायमचा जातो. माझ्या हातात सात दिवस उरले होते, आणि मी ते बहुधा आणखी एखादं ॲप घालण्यात घालवले असते.

बिन उघडलं. रिकामं.

तेव्हा माझ्या पोटात गोळा आला, तुझ्या नाही. तू वर कोपऱ्यातल्या त्या गोल चित्रावर बोट ठेवलंस आणि म्हणालास, "ह्यो दुसरा ईमेल कुणाचा?" मला माहीतच नव्हतं की माझ्या फोनवर दोन खाती आहेत. पहिला फोन घेतला तेव्हा दुकानदारानं माझ्या मुलाच्या नावानं एक काढून दिलं होतं, आणि नंबर सगळे बिचारे त्यात साठत होते. त्या खात्यावर गेलास, परत बिन उघडलंस, आणि फोन माझ्याकडं फिरवलास. सगळ्यात वर "अमेरिकेची लेक मे महिना". ६१२ नावं. मी मोठ्यानं वाचायला लागले आणि दुकानातली माणसं माझ्याकडं बघायला लागली.

दुसरीही एक वाट होती, तू ती दाखवलीस पण घेतली नाहीस. संगणकावर गूगल कॉन्टॅक्टमध्ये गेलं की "अनडू चेंजेस" म्हणून सोय आहे. सगळी यादी तास, दिवस, आठवडा मागे नेता येते, तीस दिवसांपर्यंत. पण ती पूर्ण यादीच मागे नेते. म्हणजे ह्या तेवीस दिवसांत मी जी चाळीसेक नवीन गिऱ्हाइकं लिहून घेतली होती, ती गेली असती. म्हणून तू आधी नव्या नंबरांची फाइल काढून ठेवलीस आणि मग बिनमधूनच एकेक पान निवडून परत आणलंस. घाईचा माणूस असता तर त्यानं एका दाबात काम उरकून जुनं दिलं असतं आणि नवं घालवलं असतं. आणि मी त्यालाही हात जोडले असते, कारण मला कळलंच नसतं.

पासवर्ड तू मागितलाच नाहीस. मी आपण होऊन सांगायला लागले तर कानावर हात ठेवलेस. "फोन आधीच आत हाय काकू, कशाला सांगताईसा." त्या दुकानाची चिठ्ठी मी घरी जाऊन चुलीत घातली.

एक्केचाळीस नंबर मात्र आले नाहीत. ते नुसत्या सिमवर होते. सिमवरनं उडवलेलं कुठल्या बिनमध्ये जात नाही, हे तू सरळ सांगितलंस, उगाच आशा लावली नाहीस. दुहेरी नावांचं कोडंही तिथंच सुटलं. कधीतरी कुणीतरी सिमवरचे नंबर खात्यात उतरवले होते आणि सिमवरचे तसेच ठेवले होते, म्हणून ती नावं दोनदा दिसत होती. त्यानंतरचे काही नंबर फोन आपला सिमवरच टाकत राहिला. त्या एक्केचाळिसातले सत्तावीस मी आतापर्यंत जुळवलेत, काही कुरिअरच्या जुन्या पावत्यांवरनं, काही व्हॉट्सॲपवरचं जुनं बोलणं वर सरकवत सरकवत. लसूणवाल्याचा अजून सापडलेला नाही. मार्केट यार्डात जाऊन त्याला शोधावं लागणार, आणि तो नेमका गावाला गेलाय.

जाता जाता तू आणखी तीन गोष्टी केल्यास. नवा नंबर कायम खात्यातच पडेल असं करून दिलंस. सगळ्या यादीची एक व्हीसीएफ, म्हणजे नंबरांची, फाइल करून सुनेच्या ईमेलवर पाठवलीस. आणि सबंध यादी कागदावर छापून दिलीस. त्या कागदाचेच तेवढे पैसे घेतलेस, बाकी अडीच हजाराच्या कामाला "राहू दे की". आमचे जावई आयफोनवाले, त्यांनी ऐटीत विचारलं की ह्याला असलं काही असतं का. त्यांनाही तू फोनवर सांगितलंस, आयक्लाउडच्या वेबसाइटवर जुनी यादी परत आणायची सोय असते म्हणून. गप्प झाले. मला त्याचा निराळा आनंद झाला.

ते छापलेले कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मी माळ्यावर पत्र्याच्या पेटीत ठेवलेत. २०१९ चं पाणी जिथवर आलं होतं, त्याच्या चांगलं पाच हात वर.

कोथरूडच्या बाईंना परवा दोन किलो कमी तिखट पाठवली, पैसे घेतले नाहीत. त्यांनी लवंगीवाली परत केली नाही, जावयाला आवडली म्हणाल्या. आता त्यांचं नाव बदलावं लागलं: "कोथरूड एक कमी एक जहाल".

तुझी चटणी तयार आहे. पित्ताचा त्रास आहे म्हणालास, कोल्हापूरचा पोरगा असून, म्हणून लवंगी अजिबात नाही, ब्याडगीच जास्त घातलीय. शनिवारपर्यंत कधीही ये, सोमवारी मी पुण्याचं पार्सल बांधायला बसते, मग मला कुणाशी बोलायला वेळ नसतो. बरणी मात्र परत आण. काचेची आहे, सासूबाईंच्या वेळची. झाकणासकट.

तुझी,
शाहूपुरीची चटणीवाली काकू