मंत्रिमहोदय, मित्रालाही वॉर्डात येऊ द्या

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

मानसिक आजाराच्या माणसाला दवाखान्यात कसं नेतात हे कळव्या-ऐरोलीच्या बिल्डिंगांत सगळ्यांना ठाऊक असतं, बोलत कुणी नाही. चहातून गोळी. ‘मामाकडे जाऊन येऊ’ म्हणत रिक्षात बसवणं. तेही जमलं नाही की पैसे देऊन बोलावलेली चार माणसं आणि ओढणीनं बांधलेले हात. करणारे दुष्ट नसतात. त्यांना मदत मिळते ती थेट ॲडमिशनच्या दिवशी, तोवर त्यांचाच धीर सुटलेला असतो.

माझा भाऊ शुभार्थी, म्हणजे मानसिक आजार असलेला माणूस, आजार स्किझोफ्रेनिया. गेल्या खेपेला आजार उसळला तेव्हा त्यानं दार आतून लावून घेतलं. त्याचा शाळेपासूनचा मित्र मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो. तो शटर ओढून आला आणि बाहेर जिन्यावर बसला. गोळ्यांचं नावही काढलं नाही. बऱ्याच वेळानं म्हणाला, “डॉक्टरांना तूच सांग काय होतंय ते, मी शेजारी बसतो.” भावानं कडी काढली, पायात चपला सरकवल्या. पुढे दवाखान्याच्या खिडकीवर मित्राला विचारलं, “रक्ताचं नातं आहे का?” नाही म्हटल्यावर तो फाटकाबाहेर. भाऊ त्याच्या नावानं हाका मारत सुटला. केसपेपरवर ‘आक्रमक’ लिहिलं गेलं आणि हात खाटेला बांधले गेले. आम्हाला ते भेटीच्या वेळी मनगटावरचे वळ पाहून कळलं.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात याची सोय आहे. कलम १४ नुसार सज्ञान माणूस आपला नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या निर्णयात साथ देणारा माणूस, स्वतः निवडतो: साध्या कागदावर लिहायचं, खाली सही किंवा अंगठा. नातेवाईकच हवा अशी अट नाही. बांधून ठेवायचं ते तात्काळ इजा टाळायला दुसरा मार्गच नसेल तर, आणि दर वेळी प्रतिनिधीला २४ तासांत कळवायचं, असं कलम ९७ सांगतं. अल्पवयीन रुग्णासोबत तर प्रतिनिधीनं पूर्ण मुक्काम राहायचंच. मग अठरा पूर्ण झाली की माणसाला सोबत नको होते का?

नातेवाईकांना आत घेतलं की झालं, असं मी म्हणत नाही. फ्लॅटच्या वाटणीपायी भावाला ‘वेडा’ ठरवणारी घरंही आहेत. म्हणून कुणाला बोलवायचं हे शुभार्थीनंच, बरा असताना, सांगितलेलं बरं. न्यूझीलंडनं १९८९ च्या कायद्यात मुलांच्या प्रश्नांसाठी माओरी समाजाची रीत घेतली: नातलग-मित्र एकत्र बसतात, तज्ज्ञ माहिती देऊन खोलीबाहेर जातात, काय करायचं ते गोतावळा ठरवतो. नेदरलँड्समध्ये ती पुढे मानसोपचारातही आली, सक्ती कमी व्हावी म्हणून. आपल्याकडे बांधाच्या वादाला भावकी बसते. आजारासाठी बसायला काय हरकत?

ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ सालचं. सुरुवात तिथून करा. ओपीडीत केसपेपर निघतानाच प्रतिनिधीचा कागद पुढे यावा, समाजसेवा अधीक्षकांनी तो नीट समजावून द्यावा. भरती टाळता येईल का यावर आधी एक बैठक व्हावी. भरती झालीच, तर शुभार्थीची इच्छा असल्यास पहिले काही दिवस त्याच्या माणसाला वॉर्डात राहू द्यावं. आजार चढायला लागला की घरी येणारी नर्स आणि समाजसेवकाची जोडी हवी; टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर कामाचा आहे, पण फोनवरून दार उघडत नाही.

जागा नाही, माणसं कमी, हे उत्तर मला पाठ आहे. वॉर्डाचं मग बघा. कागदाला जागा लागत नाही. तेवढ्यापुरतं परिपत्रक तरी आधी काढा. ओपीडीत बसून लोकांना तो कागद भरून द्यायला आम्ही काही शुभंकर, म्हणजे शुभार्थींची काळजी घेणारे, आठवड्यातली एक सकाळ द्यायला तयार आहोत. वार तुम्ही कळवा.

आपला,
ऐरोलीतला एक शुभंकर