रिकामा कप धरून बसलेल्या भावजींना

भावजी, नाव लिहीत नाहीये, तुम्ही रागवाल म्हणून. बडोद्याच्या दांडिया बाजारात राहणाऱ्या निम्म्या लोकांना तरीही कळेलच की कोणाबद्दल चाललंय, त्याला माझा इलाज नाही. तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "अहो वहिनी, त्यात काय एवढं" म्हणता आणि विषय पावसावर नेता, परवा तर बोलता बोलता जिना चढून वरच निघून गेलात. म्हणून इथे उघड लिहितेय, आता वाचावंच लागेल.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. आमच्या सासूबाईंचा दिवाळी फराळाचा उद्योग आहे, घरगुतीच, पण बडोद्यातली बरीच मराठी घरं आणि आता गुजराती घरंही आमच्याकडून चकली-अनारसे नेतात. ऑर्डर वहीत लिहिता लिहिता जीव जायला लागला म्हणून वेबसाइट करून घेतली. ज्याच्याकडून करून घेतली त्याने पूर्ण पैसे आधी घेतले, साइट चालू करून दिली आणि दसऱ्यानंतर फोन उचलणं बंद केलं. आणि साइट अशी की कोणी मराठीत किंवा गुजरातीत नाव-पत्ता लिहिला की आमच्याकडे नुसती प्रश्नचिन्हं यायची, ओळच्या ओळ प्रश्नचिन्हं. इंग्रजीत लिहिलं असेल तरच वाचता यायचं, म्हणजे बडोद्यात चकली खायची असेल तर आधी इंग्रजी शिका! सासूबाई रोज सकाळी विचारायच्या, आज किती प्रश्न आले गं?

त्या मुलाने एकदा कधीतरी फोन उचलला तर "मॅडम, सर्व्हरचा प्रॉब्लेम आहे." सर्व्हरवाल्यांच्या हेल्पलाइनला विचारलं तर "कॅशे क्लिअर करा." केली. परत केली. मग म्हटलं आपणच शिकू, फी भरून क्लास लावला, तिथले सर शंका विचारली की माझ्या हातातला माऊस घ्यायचे, खटखटखट काहीतरी दहा ठिकाणी क्लिक करायचे आणि "समजलं ने बेन?" म्हणून पुढच्या टेबलावर. काय समजणार कप्पाळ. एका ठिकाणी ऑनलाइन प्रश्न टाकला तर कोणीतरी लिहिलं आधी बेसिक शिकून या, आणि प्रश्न बंद. नात्यातल्या एका इंजिनीअरने तर प्रेमाने समजावलं की हे तुमच्या आवाक्यातलं नाही, तुम्ही फराळाकडे बघा. बीकॉम आहे मी, अडाणी नाही, पण त्या वेळी मलाही खरंच वाटायला लागलं होतं की असेल बाबा, नसेल आपल्या आवाक्यातलं.

आणि मग तुम्ही आलात, ते पण या कामासाठी नाही, पाण्याच्या मोटरची वर्गणी मागायला. लॅपटॉप उघडा होता, प्रश्नचिन्हं बघितलीत आणि विचारलंत, "बघू का?" मी सवयीने उठून खुर्ची दिली. तर तुम्ही बाजूचं स्टूल ओढलंत आणि म्हणालात, तुम्हीच बसा, मी सांगतो.

आता मुद्द्याचं. सासूबाईंनी तुम्हाला चहा दिला. तुम्ही तो दोन्ही हातांनी धरून प्यायलात. चहा संपला आणि कप तसाच हातात. मी चुकीचा टॅब उघडत होते, भलतीकडेच स्क्रोल करत होते, समोर दिसत असलेलं बटण मला दिसत नव्हतं, आणि तुमच्या बोटांची चुळबुळ मला दिसत होती हो भावजी, एकदा तर कप थोडा वर उचललात आणि परत मांडीवर ठेवलात. सासूबाई कप घ्यायला आल्या तर म्हणालात, "राहू दे काकू, असू दे हातात." त्यांना वाटलं अजून चहा हवाय म्हणून त्यांनी परत ओतला. तो पण संपला. तरी कप हातातच. त्या पूर्ण संध्याकाळी माझ्या कीबोर्डला आणि माऊसला तुमचा हात लागला नाही. माझ्या तर रात्री भांडी घासताना लक्षात आलं की तो कप कशासाठी होता, आणि मला सिंकपाशी उभ्या उभ्या रडू आलं. ह्यांनी विचारलं काय झालं, मी म्हटलं काही नाही, साबण गेला डोळ्यात.

तुम्ही ते पाच मिनिटांत दुरुस्त करून देऊ शकला असतात हे मला आता कळतं. मी तुम्हाला देवासारखे धावून आलात वगैरे म्हटलं असतं आणि पुढच्या बिघाडाला परत वरचा मजला गाठला असता.

त्याऐवजी म्हणालात एफ१२ दाबा. एवढी वर्षं ते बटण कीबोर्डवर आहे, मला वाटायचं ते उगाच जागा भरायला दिलेलं असतं. दाबलं तर साइटचं पोटच उघडं पडलं. मग मराठीत पत्ता भरून ऑर्डर पाठवायला लावलीत आणि नेटवर्कच्या टॅबमध्ये, जिथे साइटवरून काय जातं-येतं ते दिसतं तिथे, बघायला लावलंत, आणि विचारलंत, "इथून काय निघालंय, वाचा." वाचलं तर अक्षर न् अक्षर बरोबर, रावपुरा म्हणजे रावपुराच. म्हणजे आपल्या बाजूने नीट गेलंय, गोंधळ पलीकडे साठवताना होतोय. सर्व्हर सर्व्हर करत सगळ्यांनी मला पळवलं होतं, पण गोष्ट कुठवर ठीक आहे आणि कुठून बिघडते हे आपल्याला आपल्या डोळ्यांनी बघता येतं हे कोणीच सांगितलं नव्हतं.

पलीकडे काय निघालं तर डेटाबेसच्या, म्हणजे ऑर्डरी जिथे साठतात त्याच्या, टेबलावर लिहिलेलं, लॅटिन१ स्वीडिश. मी म्हटलं आमच्या अनारशांच्या पत्त्यात स्वीडन कुठून आलं! तेव्हा सांगितलंत की हा डेटाबेस मायएसक्यूएल आणि तो काढणारी कंपनीच स्वीडनची, म्हणून जुन्या व्हर्जनमध्ये काही न सांगता टेबल केलं की हेच लागायचं, २०१८ मध्ये ८.० आलं तेव्हा कुठे ते बदललं. लॅटिन१ म्हणजे युरोपातल्या अक्षरांची यादी, त्यात देवनागरीला जागाच नाही, गुजरातीलाही नाही, म्हणून प्रश्नचिन्ह. आणि एकदा प्रश्नचिन्ह होऊन बसलं की मूळ अक्षर परत मिळत नाही, हे पण तुम्ही गोड न करता सांगितलंत, त्या लोकांना फोनच करावे लागले. पुढे असंही शिकवलंत की मायएसक्यूएलमध्ये त्याऐवजी नुसतं यूटीएफ८, म्हणजे जगभरच्या लिप्यांचं, निवडलं तर देवनागरी बसते, कारण आपल्या एका अक्षरखुणेला तीन बाइट लागतात, पण लोक पत्त्यापुढे हसरे चेहरे टाकतात त्यांना चार लागतात, म्हणून यूटीएफ८ मधलं एमबी४ वालं घ्यायचं. लोक पत्त्यापुढे हसरे चेहरे का टाकतात हा वेगळा विषय.

तांत्रिक पुढचं सगळं लिहीत नाही, ज्यांना हवंय ते शोधतील. पण त्यानंतर दर रविवारी तुम्ही एकेक गोष्ट दाखवत गेलात ती सांगते, कारण यातल्या एकीलाही पैसे पडले नाहीत आणि क्लासवाल्याने मात्र फी मोजून घेतली होती. एमडीएन नावाची साइट दाखवलीत, जिथे एचटीएमएल-सीएसएसचं, म्हणजे वेबपानं ज्यात लिहितात त्याचं, प्रत्येक खुंटी-खिळ्याचं नीट लिहून ठेवलंय. फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलाने ते २००५ मध्ये सुरू केलं, २०२० मध्ये त्यांनी माणसं कमी केली त्याची झळ ते लिहिणाऱ्यांनाही लागली, तर २०२१ मध्ये ओपन वेब डॉक्स म्हणून वेगळी संस्था उभी राहिली आणि लिखाण चालू ठेवलं. कोण कुठली माणसं, मी कधी त्यांना बघणार नाही, आणि मी फॉर्मची लेबलं त्यांच्या जिवावर लावतेय. एखादी गोष्ट कुठल्या ब्राउझरमध्ये चालेल ते सांगणारं कॅन आय यूज, तेही एका माणसाने सुरू केलेलं. फोटो हलके करायला स्क्वूश, त्यात फोटो कुठे अपलोडसुद्धा होत नाही, आपल्याच ब्राउझरमध्ये काम होतं. सासूबाईंनी काढलेले चकल्यांचे फोटो एवढे जड होते की मोबाइलवर पान उघडेपर्यंत माणूस खंडेराव मार्केटला जाऊन आला असता. मग ब्राउझरमध्येच नेट मुद्दाम मंद करून बघायला लावलंत, गिऱ्हाइकाला काय भोगावं लागतं ते कळलं. अक्षरासाठी मुक्ता फॉन्ट, मुंबईच्या 'एक टाइप' नावाच्या फॉन्टवाल्यांचा, देवनागरीला मुक्ता आणि गुजरातीला त्याचंच भावंड मुक्ता वाणी, आमच्या गावाला अगदी फिट. आणि कर्ल, एका ओळीच्या कमांडने सर्व्हरला विनंती पाठवणारा, तो पण एका स्वीडिश माणसाचाच, डॅनियल स्टेनबर्ग, नव्वदच्या दशकापासून अजून तोच बघतोय. स्वीडनवरचा माझा राग तिथे थोडा उतरला.

गिटची, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरची, गोष्ट मला सगळ्यात आवडली. लिनक्सवाले या कामाला जे सॉफ्टवेअर फुकट वापरत होते त्याची फुकट परवानगी २००५ मध्ये गेली, तर लिनक्स लिहिणाऱ्या टॉरवाल्ड्सने चडफडत बसण्याऐवजी स्वतःचंच लिहून काढलं, आणि आज जग ते वापरतंय. आमच्या त्या पळून गेलेल्या मुलाने गिट वापरलं असतं तर निदान त्याने काय काय करून ठेवलंय ते कळलं तरी असतं.

मी एकदा विचारलं होतं की हे लोक फुकट का करतात, यांना काय मिळतं. तुम्ही म्हणालात, मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत जाऊन या. मी लहानपणी वडिलांबरोबर जायची तिथे, काचेच्या फरश्यांच्या त्या मजल्यांवर चालायला भीती वाटायची, पण गोष्ट माहीत नव्हती. सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाचा ग्रंथपाल आणला आणि राज्यभर फुकट वाचनालयं उभी केली, जिथे वाचनालय नाही त्या गावांना पेट्यांमधून पुस्तकं पाठवली. त्याच्या आधी, १९०६ मध्ये, राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि फुकट केलेलं. आपल्या गावातल्या माणसाने तरी "फुकट का देतात" विचारू नये, असं तुम्ही म्हणाला नाहीत, पण मला तेच ऐकू आलं.

मला वाटतं ज्ञान असलेली माणसं बडोद्यात कमी नाहीत, कलाभवनातून दरवर्षी इंजिनीअर बाहेर पडतायत, पण शेजारी स्टूल घेऊन बसणारी कमी आहेत. येत असलेली गोष्ट समोरचा धडपडत करत असताना गप्प बसणं फार अवघड असतं, मी मुलाचा अभ्यास घेते तेव्हा मला दोन मिनिटं जमत नाही, पेन्सिल ओढून घेते. त्या क्लासवाल्या सरांना, त्या प्रश्न बंद करणाऱ्यांना आणि आमच्या प्रेमळ नातेवाइकांना माझी विनंती आहे की तुम्ही निदान एकदा कोणासमोर तरी कप धरून बघा. चहा मी देते.

हे आज का लिहितेय तर परवा मला पहिलं बाहेरचं काम मिळालं. घडियाळी पोळ नावाच्या गल्लीतल्या एक शिवणवाल्या बाई आहेत, त्यांना मापं आणि तारखा घेणारं छोटं पान हवंय. त्यांनी विचारलं पैसे किती, मी आकडा सांगितला आणि त्या हो म्हणाल्या, मला वाटलं होतं घासाघीस करतील, थोडा जास्तच सांगायला हवा होता. निम्मेच आधी घेतलेत, बाकीचे चालू झाल्यावर. टेबल करताना एमबी४ आधी लावलं, मग बाकीचं.

तर भावजी, वर्गणी त्या दिवशी राहूनच गेली होती, ती ह्यांच्या हाती पाठवलीय. फराळाचा डबा धनत्रयोदशीच्या आधी वर येईल, त्याचे पैसे काढलेत तर भांडण होईल. सासूबाई विचारतायत अनारसे जास्त घालू की चिरोटे, ते कळवा. आणि माझ्या गिटमध्ये काहीतरी मर्ज होत नाहीये, म्हणजे दोन बदल एकत्र जुळत नाहीयेत, दोन्हीकडचं लाल-हिरवं दाखवतंय, मी एमडीएनवर आणि गिटच्या पुस्तकात वाचून बघितलंय, अर्धं सुटलंय. उरलेल्यासाठी रविवारी चारनंतर वेळ आहे का?