नाना बजार की बाकरोल रोड?

बडोदे, मेअखेर

प्रिय मंदे,

आईचा गुडघा आहे तसाच, माझी शुगर आटोक्यात, ह्यांचं बरं चाललंय. तब्येतींचं एवढंच. लिहायला बसले ते वेगळ्याच कारणानं, आणि ते तुझ्याशिवाय कोणाला सांगून उपयोग नाही.

आणंदजवळच्या विद्यानगरच्या कॉलेजची ऑर्डर आली. जूनमध्ये रुजू व्हायचंय. जा-ये कर, असं सगळे म्हणतात. आणंद रेल्वेनं 35 किलोमीटर, वासदला मही ओलांडली की आलंच. पण स्टेशनपासून पुढे चार-पाच किलोमीटर रिक्षा, प्रॅक्टिकलं संपेपर्यंत संध्याकाळ, आणि आई दिवसभर एकटी. दादाकडे ती जाणार नाही, ते तुला माहीतच आहे. म्हणून बिऱ्हाडच तिकडे न्यायचं आणि ह्यांनी बडोद्याचा पास काढायचा, इथवर ठरलं. राहायचं कुठे, तिथे घोडं अडलंय.

काल तिघं घरं बघून आलो. दलालानं आधी बाकरोल रोडला नेलं. नवी सोसायटी, तिसरा मजला, लिफ्ट, ऐसपैस स्वयंपाकघर, भाडं बेताचं. (हे आईला म्हणाले, "तुमचा पाटा-वरवंटा चढवून बघू, लिफ्ट टिकली तर घर पक्कं." आई हसली, पण पाटा येणारच आहे.) आजूबाजूला बंगले काय एकेक! आणि कितीतरी बंगल्यांना कुलपं. चरोतरातली, म्हणजे आणंदच्या या भागातली माणसं लंडन-अमेरिकेत, घरं उघडायची ती डिसेंबरात. समोरच्या फाटकाच्या कडीवर कोळ्यानं जाळं विणलेलं, आत तुळशीच्या कुंडीत नुसती काडी. आई खिडकीशी जाऊन उभी राहिली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "वसू, इथून सकाळी कोण जातं-येतं गं?"

मला एकदम अण्णा दिसले. तुझ्या मोशीच्या गॅलरीतले. तू डबा भरत असताना ते हेच विचारायचे ना? इथे बडोद्यात, राउपुऱ्यात ओट्यावर बसले की अर्ध्या गावाचा नमस्कार घ्यायचे ते. त्यावरून आपलं जे वाजलं त्यात मला आता जायचं नाही. मी तेव्हा बोलले ते आजही मला खरं वाटतं, आणि तुझा नाइलाज होता हेही तितकंच खरं. पण अण्णांना रोज बघणारी तूच होतीस, म्हणून हे तुलाच विचारतेय.

ह्यांचं मत आणंद स्टेशनजवळ घ्यावं. गाडी चुकली तर दुसरी मिळते, डॉक्टर-दवाखाने हाकेवर. म्हणणं रास्त आहे. पण तिथे राहून मी रिक्षात आणि हे गाडीत, मग बिऱ्हाड हलवायचं कशाला?

शेवटी विद्यानगरातला नाना बजार बघितला. भाईकाकांनी, म्हणजे भाईलालभाई पटेलांनी, 1946 च्या सुमारास शेतजमिनींवर विद्यानगर वसवलं, आणि ते स्वतः इंजिनिअर होते हे तिथे पायी फिरताना जाणवतं. रस्ते रुंद, सावली आहे, कॉलेज चालत गाठता येतं. घर मात्र जुनं. तळमजला, ओल आहे, मोरी अंधारी. वरच्या दोन खोल्या पोरांना कॉटवर दिलेल्या. घरमालकाला तेच परवडतं, माणशी भाडं मिळतं. आम्हाला कुटुंब म्हणून देतोय तर भाडं बाकरोलपेक्षा जास्त सांगतो. जूनमध्ये अ‍ॅडमिशनं सुरू झाली की आणखी चढवेल, म्हणून घाई. समोर मेस आहे. कट्ट्यावर डबे मांडलेले, झाकणांवर ऑइलपेंटनं पोरांची नावं. मावशी डाळ वाढत होती. आई सरळ तिथे गेली आणि डाळीत गूळ किती घालतेस म्हणून गुजरातीत हुज्जत घालायला लागली! दोघी पाऊण तास बोलत होत्या. मी ओल बघत होते आणि कान तिकडे.

त्रास आहेच. रात्री उशिरापर्यंत पोरांच्या बाइक, नवरात्रात झोप नाही. आणि उलटंही आहे. सुट्टीत गाव रिकामं होतं. काल दुपारी मोटा बजारातसुद्धा निम्मी शटरं खाली होती, ही मेसही आता बंद होणार ती पंधरा जूनपर्यंत. मग आईनं त्या दिवसांत कोणाशी बोलायचं? गुजराती तिला अडत नाही, जन्म गेला बडोद्यात. पण रात्री पाय ठणकले की सांगायला दांडिया बाजारातल्या कुसुमकाकूच लागतात. त्या कुठून आणू? पुस्तकांची तेवढी सोय आहे, मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीतून हे बदलून आणतील.

माझा कौल नाना बजारला आहे. ओलीला इलाज आहे, भाड्यासाठी दुसरीकडे हात आखडता घेऊ. हे म्हणतात, भावनेच्या भरात घर घेऊ नये. माणसाला दारात कोणीतरी भेटावं ही भावना नाही गं, ती गरज आहे. अन्नाइतकीच.

तुझं प्रमोशन कळलं, फार आनंद झाला. पिंकीचा निकाल लागला की लगेच कळव. भाओजींना म्हणावं, सेवउसळीचा मसाला पाठवतेय, या वेळी सांडणार नाही असा बांधलाय.

आता मुद्द्याचं. अण्णा बोलेनासे झाले ते हळूहळू की एकदम? खाली बागेत नेऊन बसवायचीस तेव्हा फरक पडायचा का? कोणीतरी रोज तासभर येऊन बसलं असतं, तर पुरलं असतं का? जसं होतं तसं लिही, मला बरं वाटावं म्हणून काही गाळू नकोस. रविवारी टोकन द्यायचंय. फोन करू नकोस, आई शेजारीच असते. लिहूनच पाठव.

तुझी,
वसू