आई, खोली आवरून ठेवू नकोस

ती. आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

अक्षर मुद्दाम मोठं काढते आहे, म्हणजे बाबांना भिंग घ्यावं लागणार नाही. आई, गेल्या रविवारी फोनवर तू म्हणालीस, "एकदा तो निकाल लागला की चार दिवस आधी कळव, तुझी खोली आवरून ठेवते." मी म्हटलं, आवाज तुटतोय, नंतर करते. आवाज तुटत नव्हता गं. तुझा शब्दन् शब्द ऐकू येत होता. खोटं बोलले, त्याची आधी माफी मागते. जे तेव्हा सांगायला हवं होतं ते आता लिहिते.

आश्रयाच्या अर्जाचा निकाल माझ्या बाजूनं लागला तरी मी घरी येणार नाही. मला येता येणार नाही.

तुम्ही दोघं समजताय की इथलं काम अडलंय, ते सुटलं की मी मोकळी. तसं नाही. आश्रय मिळणं म्हणजे या देशानं मान्य करणं, की हिला परत पाठवलं तर हिच्या जिवाला धोका आहे. हे सगळं १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर उभं आहे. ज्या देशातून आपण जीव वाचवून आलो, त्याच देशाच्या आसऱ्याला आपणहून परत गेलो, तर निर्वासित हा दर्जा संपू शकतो, असं त्याच करारात आहे. दर्जा मिळाला की प्रवासासाठी वेगळं प्रवासपत्र देतात. त्यावर बाकीच्या देशांत जाता येतं, पण मायदेशी साधारणपणे नाही. आणि तुम्हाला इकडे कायमचं बोलवावं, तर बहुतेक देशांच्या नियमांत कुटुंब म्हणजे नवरा-बायको आणि अल्पवयीन मुलं. आई-वडील त्यात क्वचितच बसतात.

वकीलबाईंनी हे मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. म्हणजे २ वर्षं ४ महिने झाले. एवढे दिवस मी ते तुमच्यापासून लपवलं, कारण 'निकाल लागला की लेक येईल' या आशेवर तुमचे दिवस निभत होते, आणि ती आशा काढून घ्यायचा धीर मला होत नव्हता. पण आपण तिघं दोन वेगवेगळ्या दिवसांची वाट बघत होतो, हे त्या खोलीच्या बोलण्यावरून मला कळलं. आता हे लपवणं मला सोसवत नाही.

बाबा, तुमचा प्रश्न नेहमी दुसरा असतो. एवढा वेळ कशाला लागतो, फाईल नेमकी कुठे अडली आहे? तुमची सगळी नोकरी फायलींत गेली. कोणाच्या तरी टेबलावर ती पडून असेल, जाऊन भेटलं की हलेल, असं तुम्हाला वाटणारच. मलाही वाटायचं. करारात निर्वासित कोणाला म्हणायचं ते लिहिलं आहे: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांपैकी कशामुळे तरी छळ होईल अशी रास्त भीती ज्याला आहे तो. धोका असलेल्या ठिकाणी कोणाला परत ढकलायचं नाही, हेही ३३ व्या कलमात आहे. निर्णय किती दिवसांत द्यायचा, हे मात्र त्यात कुठेच नाही. ते प्रत्येक देशानं आपापलं ठरवायचं. युरोपीय संघाच्या २०१३ च्या नियमांत साधारण सहा महिने आणि ताणून ताणून २१ महिने अशी मुदत घातली होती. कागदावरची मुदत आणि माणसाच्या वाट्याला येणारी मुदत यांत किती अंतर पडतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आणि ही सरळ रांगही नसते. माझ्यानंतर सात महिन्यांनी आलेल्या एका मुलीला होकार आला, तेव्हा मी दोन दिवस कोणाशी बोलले नाही. नंतर कळलं की कोणाचा अर्ज आधी घ्यायचा, याची धोरणं असतात आणि ती बदलतात. अमेरिकेच्या आश्रय कार्यालयांनी २०१८ मध्ये नवे अर्ज आधी घ्यायची पद्धत पुन्हा लागू केली. हेतू असा की नुसत्या कामाच्या परवान्यासाठी कोणी अर्ज करू नये. पण ज्यांची हकीकत खरी होती आणि जे आधीपासून थांबले होते, ते आणखी मागे गेले. तेव्हा कोणाला आधी बोलावलं यावरून कोणाची हकीकत खरी, हे ठरत नाही. हे समजल्यावर त्या मुलीकडे जाऊन तिचं अभिनंदन केलं. उशीर झाला होता, पण केलं.

मुलाखतीबद्दल तुम्हाला मी कधी नीट सांगितलं नाही. पाच तास चालली. अधिकारी समोर बसून माझं बोलणं टाईप करत होते आणि मी रडायला लागले की कीबोर्डचा आवाज थांबायचा. तो आवाज थांबला, की सगळ्या खोलीला माझ्या रडण्याचं कळतंय असं वाटायचं. म्हणून मी थांबायचे, पाणी प्यायचे, पुन्हा तारखेपासून सुरू करायचे. त्या जबानीची प्रत माझ्याकडे आहे. पहिले कित्येक महिने रोज रात्री ती वाचायचे. पुन्हा बोलावलं आणि एखादी तारीख चुकली तर? शेवटी वकीलबाईंनीच सांगितलं, पाठ करू नका, जे घडलं ते तुमच्याबरोबर घडलंय, परीक्षेचा धडा नाही हा. आता ती प्रत बॅगेच्या तळाशी आहे.

सगळ्यात वाईट होती ती पत्रपेटी. खाली दाराशी सगळ्यांच्या लोखंडी पेट्या आहेत, हाताच्या पंजाएवढं झाकण, छोटी किल्ली. टपाल सकाळी एकदाच येतं, हे माहीत असून मी दिवसातून आठ-नऊ वेळा खाली जायचे. लिफाफा दिसला की किल्ली भोकात बसायची नाही, इतका हात कापायचा. आणि पत्र चुकवूनही चालत नाही. पत्ता बदलला आणि कळवला नाही, मुलाखतीचं बोलावणं हुकलं, तर अर्ज सोडून दिला असं धरू शकतात. माझ्या शेजारच्या खोलीत एक बाई आहेत, वयानं आई, तुझ्याएवढ्या. त्या माझ्याहून जास्त दिवस थांबल्यात. त्यांनी एक दिवस माझी किल्ली मागून घेतली आणि आपली माझ्या हातात दिली. तेव्हापासून त्यांची पेटी मी उघडते आणि माझी त्या. सकाळी एकदा. काही नसेल तर त्या माझ्या दारावर दोनदा टकटक करून पुढे जातात. दुसऱ्याचा लिफाफा हातात घेताना हात कापत नाही. एवढ्याशा गोष्टीनं माझी झोप परत आली.

झोपेवरून आठवलं. मधे मी तुम्हाला 'बरी आहे' म्हणायचे, तेव्हा बरी नव्हते. चार-चार रात्री डोळा लागायचा नाही, साधी बेरीज चुकायची. मला वाटलं आपलं डोकं बिघडलं. समुपदेशकांनी मला नेदरलँड्समधल्या एका पाहणीबद्दल सांगितलं, २००४ साली प्रसिद्ध झालेली. इराकी आश्रयार्थींपैकी नुकते आलेले आणि दोन वर्षांहून जास्त थांबलेले, असे दोन गट त्यांनी तपासले. जास्त थांबलेल्यांत मानसिक आजार ठळकपणे जास्त दिसले. हे तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही. मला त्याचा धीरच आला, बाबा. दोष माझ्यात नाही, या अधांतरी ठेवण्यात आहे, हे कळलं. आता औषध नाही, दर पंधरा दिवसांनी बोलायला जाते.

बाकी दिवस कसा जातो, तर आता बरा जातो. सकाळी भाषेचा वर्ग, दुपारी ग्रंथालयात पुस्तकं लावायला जाते, बिनपगारी. कामाचा परवाना प्रत्येक देशात आपापल्या वेळेला मिळतो. ब्रिटनमध्ये बारा महिने उलटल्यावर मागता येतो आणि तोही ठरावीक कामांसाठीच. माझा मागितलाय. मिळाला की कळवेन. काम करता येत असलेल्या माणसाला नुसतं बसवून ठेवणं हा मला या सगळ्यातला सर्वांत मोठा अन्याय वाटतो, भुकेपेक्षाही.

एक गोष्ट मात्र मनाशी धरून ठेवली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाच्या मार्गदर्शिकेत म्हटलंय, की मान्यता मिळाली म्हणून माणूस निर्वासित होत नाही, तो निर्वासित असतो म्हणून त्याला मान्यता मिळते. म्हणजे माझ्याबरोबर जे झालं ते खरं होतं, हे ठरायला त्या लिफाफ्याची गरज नाही. नकार आला तर अपील आहे. वकीलबाईंनी कागद तयार ठेवलेत.

बाबांच्या डोळ्याच्या ऑपरेशनला आले नाही, ते मला आयुष्यभर लागून राहणार आहे. अर्ज चालू असताना मायदेशी गेलं तर बहुतेक ठिकाणी अर्ज सोडला असंच धरतात. त्या दिवशी मी सकाळपासून घड्याळाकडे बघत बसले होते. हे तुम्हाला माहीत असावं.

आता तीन गोष्टी मागते. रविवारच्या फोनवर "काही कळलं का?" हे पहिलं विचारू नका. कळलं तर त्याच मिनिटाला मीच फोन करेन, अपरात्र असली तरी. त्याऐवजी मी काय शिकले ते विचारा, आणि तुमचं दुखणं-खुपणं माझ्यापासून लपवू नका. मी तुमच्यापासून लपवलं, त्याचं काय झालं ते बघितलंत.

दुसरी, तुम्ही दोघं पासपोर्ट काढायला टाका. दर्जा आणि प्रवासपत्र हातात आलं की तिसऱ्याच एखाद्या देशात आपण भेटू शकतो. कुठे, कधी, ते तेव्हा बघू. पण कागद तयार हवेत, आणि बाबांना प्रवास झेपतोय तोवर हवेत.

तिसरी त्या खोलीची. आई, माझ्यासाठी ती आवरून ठेवू नकोस. बाबांना आता वरचा जिना चढवत नाही, तू गेल्या महिन्यात ओझरतं बोललीस. माझी खोली खाली आहे, बाथरूमही लागून आहे. माझे कपडे देऊन टाक, पुस्तकं खोक्यात भर आणि बाबांची खाट खिडकीपाशी लाव. टेबल राहू दे, त्यांना वाचायला होईल. लावलीस की फोनवर दाखव मला.

तुमची,
लेक