कामावरच्या परिचारिकेला पदवीची वाट मोकळी करा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बारावीचा निकाल लागला की बी.एस्सी. नर्सिंगच्या प्रवेशाविषयी वृत्तपत्रांतून भरपूर मार्गदर्शन छापून येते आणि ते यायलाच हवे. परंतु वॉर्डात आधीपासून राबणाऱ्या, जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी) पदविकेवर नोकरी करणाऱ्या हजारो परिचारिकांनी पदवी कशी घ्यायची, याबद्दल कोणी लिहीत नाही. मी त्यांच्यापैकी एक आहे. नाशिकमधील एका खासगी रुग्णालयात अकरा वर्षे काम केल्यानंतर दोन वर्षे पुन्हा विद्यार्थिनी होऊन मी पोस्ट बेसिक बी.एस्सी. ही जीएनएम झालेल्यांसाठीची नर्सिंगची पदवी पूर्ण केली. त्या अनुभवावरून हे पत्र लिहीत आहे.

वाचकांच्या माहितीसाठी थोडे सांगते. बी.एस्सी. नर्सिंग हा बारावीनंतरचा चार वर्षांचा अभ्यासक्रम असून २०२१-२२ पासून तो आठ सत्रांत शिकवला जातो. जीएनएम ही तीन वर्षांची पदविका आहे. दोन्हींनंतर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे परिचारिका व सुईण म्हणून नोंदणी होते आणि वॉर्डात दोघींना 'सिस्टर' हीच हाक ऐकू येते. फरक असतो तो प्रवेशाच्या दारापाशी. बी.एस्सी.ला बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय लागतात. जीएनएमला मात्र कला शाखेची मुलगीही जाऊ शकते. सुरगाणा, पेठ, कळवणच्या पाड्यांवरच्या मुलीला विज्ञान शाखेचे कनिष्ठ महाविद्यालय किती दूर पडते, हे जिल्ह्यातील कोणालाही विचारावे. अशा मुलीने अठराव्या वर्षी जीएनएम निवडले, तर ती हुशारीत कमी होती म्हणून नव्हे, तिच्यापुढे तेवढेच दार उघडे होते म्हणून. पुढे पदवी घ्यायची झाली, तर तिच्यासाठी पोस्ट बेसिकचा दोन वर्षांचा मार्ग हाच खरा मार्ग आहे.

हा मार्ग कागदावर उघडा असला तरी त्यावरून चालणे अवघड आहे, कारण अभ्यासक्रम पूर्णवेळ आहे. परीक्षेला बसण्यासाठी ८० टक्के हजेरी आणि पदवी हाती पडण्यापूर्वी प्रात्यक्षिकांची १०० टक्के पूर्तता अशी अट असते. ही अट मला योग्यच वाटते. रुग्णाच्या जिवाशी संबंधित शिक्षणात सवलत नको. पण महिन्याचा पगार घरी आणणाऱ्या बाईने ही हजेरी भरायची कशी? शासकीय सेवेतील परिचारिकांना प्रतिनियुक्तीवर शिकायला जाता येते. खासगी रुग्णालयात असे काही नसते. मी शिक्षणासाठी विनावेतन रजा मागितली, तेव्हा तशी रजा आमच्या नियमात बसत नाही, राजीनामा द्या आणि परत आल्यावर जागा असली तर बघू, असे उत्तर मिळाले. मी राजीनामा दिला. यजमान अंबडला कारखान्यात कामाला आहेत. त्यांच्या एकट्याच्या पगारावर घर आणि माझ्या बांगड्या गहाण ठेवून काढलेल्या कर्जावर फी, अशी ती दोन वर्षे गेली. परत आले तेव्हा जागा मिळाली, पण नवीन भरतीची म्हणून. आधीची अकरा वर्षे कोठेच धरली गेली नाहीत आणि पदवीची वेगळी वेतनवाढही मिळाली नाही.

तरीही ही पदवी घेतल्याचा मला एक क्षणही पश्चात्ताप नाही. का ते एका उदाहरणावरून सांगते. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला माकडहाडाजवळ, टाचांना जखमा होतात. पूर्वी तिथली त्वचा लाल दिसली की मी धावपळ करत असे, कूस बदलत असे. पदवीच्या अभ्यासक्रमात मी अशा जखमांचा धोका आधीच मोजणारी ब्रेडन मापनपट्टी नीट शिकले. संवेदना, त्वचेचा ओलावा, रुग्ण किती उठतो-चालतो, अंथरुणात स्वतः किती हालतो, आहार आणि चादरीशी होणारे घर्षण अशा सहा बाबींना गुण द्यायचे. एकूण गुण २३. ते १८ किंवा त्याहून खाली आले की जखमेचा धोका आहे असे समजायचे. परतल्यावर पहिल्याच महिन्यात पक्षाघाताचे एक आजोबा आमच्या वॉर्डात आले. त्यांचे गुण ११ भरले. मी पलंगाला कागद लावला: दोन वाजता डावी कूस, चार वाजता पाठ, सहा वाजता उजवी कूस, पोटऱ्यांखाली उशी, टाचा अधांतरी. रात्रपाळीच्या मुलींनी त्यावर सह्या केल्या. तीन आठवड्यांनी आजोबा घरी गेले, तेव्हा त्यांच्या पाठीवर साधा लाल डागही नव्हता. जे मी आधी लाली दिसल्यावर करत होते, ते आता लाली येण्याआधी करते. पदवीने मला हे दिले आणि त्याचा लाभ रुग्णालाही झाला, रुग्णालयालाही झाला.

म्हणूनच खासगी रुग्णालयांच्या व्यवस्थापनांना माझी विनंती आहे की, किमान पाच वर्षे सेवा झालेल्या परिचारिकेला पोस्ट बेसिकसाठी दोन वर्षांची अध्ययन रजा द्यावी. ती विनावेतन असली तरी चालेल, परंतु तिचा धारणाधिकार, म्हणजे आपल्या पदावर परत येण्याचा हक्क, राखावा, सेवाज्येष्ठता मोडू नये आणि परतल्यावर पदवीची वेतनवाढ द्यावी. माणसे आधीच कमी, त्यात एक शिकायला गेली तर वॉर्ड कोणी सांभाळायचा, असे यावर सांगितले जाते. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार अध्यापन रुग्णालयाच्या सर्वसाधारण कक्षात तीन रुग्णांमागे एक आणि इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी, शिवाय रजेसाठी ३० टक्के जास्तीचे मनुष्यबळ ठेवावे. हे ३० टक्के खरोखर नेमलेले असतील, तर एकीच्या शिक्षणाने वॉर्ड उघडा पडणार नाही. एकेका पाळीत वीस-बावीस रुग्ण एकटीने पाहिलेल्या माझ्यासारखीला हे निकष केवळ तपासणीपुरते राहिल्याचे दुःख आहे.

दुसरी विनंती विद्यापीठांना आहे. देशात परिचर्येची पदवी १९४६ मध्ये दिल्ली आणि वेल्लोर येथे सुरू झाली. आज आपल्या एकाच शहरात १९८९ पासून यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि १९९८ पासून महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. नोकरीतील परिचारिकांसाठी तीन वर्षांचा पोस्ट बेसिक अभ्यासक्रम इग्नू या राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने चालवून दाखवलेला आहे. टपालाने पदवी वाटा, असे माझे म्हणणे अजिबात नाही. प्रात्यक्षिके मान्यताप्राप्त रुग्णालयात, शिक्षिकेच्या नजरेखाली पूर्ण तासांची व्हावीत. पण वर्ष एक वाढवून वर्ग पाळ्यांशी जुळतील असा अभ्यासक्रम या दोन विद्यापीठांनी मिळून आखावा आणि नियामक संस्थेपुढे ठेवावा.

माझ्याबरोबर सुरगाण्याची एक सहकारी काम करते. कला शाखेतून बारावी, मग जीएनएम, सहा वर्षांचा अनुभव. शीर सापडत नसलेल्या लहान मुलाला सलाईन लावायचे असले की आम्ही तिलाच हाक मारतो. पोस्ट बेसिकच्या प्रवेशाची कागदपत्रे तिने पिशवीत तयार ठेवली आहेत आणि त्यांच्याच सोबत राजीनामाही लिहून ठेवला आहे. तिला राजीनाम्याऐवजी रजेचा अर्ज देता यावा, एवढ्यासाठी आपल्या पत्राने हा विषय लावून धरावा, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक परिचारिका, पंचवटी, नाशिक