तुझी 'कोसला' अजून माझ्याकडेच आहे

प्रिय मित्रा,

तुझे तीन फोन येऊन गेले आणि मी एकही उचलला नाही. रागावू नकोस. बोलायला लागलो असतो तर रडू फुटलं असतं, आणि जे सांगायचंय ते राहूनच गेलं असतं. म्हणून लिहायला बसलो.

धाकट्या बहिणीला जाऊन चार महिने झाले. पहिले काही आठवडे कसे सरले ते मला धड आठवतही नाही. माणसं येत होती, जवळ बसत होती, बोलत होती. 'सुटली बिचारी.' 'काळासारखं औषध नाही.' 'आता तूच खंबीर राहायला हवंस.' सगळी मनापासून बोलत होती, तेही कळत होतं. तरी प्रत्येक वेळी वाटायचं, धाकटीबद्दल बोलायची वेळ संपली असंच ही मला सांगताहेत. दिवस कसाबसा रेटायचो. रात्री दोनच्या सुमाराला जाग यायची ती यायचीच, आणि मग उजाडेपर्यंत छताकडे बघत पडायचं.

अशाच एका रात्री उठून कपाट आवरायला घेतलं आणि तुझी 'कोसला' हाताला लागली. कॉलेजात असताना तू ती मला वाचायला दिली होतीस आणि मी साठेक पानांवर सोडून दिली होती. 'हा माणूस सारखा काय उदाहरणार्थ आणि वगैरे करत बसतो,' असं तुला म्हणालोही होतो. तू काहीच बोलला नव्हतास.

या वेळी त्या 'वगैरे'पाशीच मी थबकलो. कारण गेले कित्येक दिवस मीही तेच करत होतो. कुणी विचारलं की 'बरा आहे, झोप लागते वगैरे.' पुढचं बोलवत नाही तिथे माणूस वगैरे म्हणून मोकळा होतो. नेमाड्यांची ही कादंबरी १९६३ साली आली तेव्हा ते जेमतेम पंचविशीत होते. त्या वयात त्यांना हे कुठून कळलं असेल, याचं मला अजून नवल वाटतं.

रात्रीला दहा-बारा पानं वाचायचो. खुणेला काय ठेवलं होतं सांगू? दवाखान्याचा भेटीचा पास. दोन घड्या घातलेला, कडेला निळा शिक्का फिसकटलेला. शर्टाच्या खिशात राहून गेला होता आणि टाकवत नव्हता. रोज तो थोडा पुढे सरकायचा. हसशील कदाचित, पण उद्या रात्री जाग आली तर पास कुठे आहे हे ठाऊक असणं, एवढ्यावर मी ते दिवस काढले. कविताही वाचून पाहिल्या. चांगल्या होत्या, पण लगेच संपायच्या आणि मी पुन्हा एकटा. कादंबरीचं तसं नाही. तिथलं माणूस दुसऱ्या रात्रीही तिथेच असतं, आपण सोडलं होतं तिथून पुढे बोलायला लागतं.

आणि मग मनी आली. कादंबरीचा नायक पांडुरंग सांगवीकर, त्याची धाकटी बहीण. मित्रा, ती जाते हे मला माहीतच नव्हतं! तिथवर मी कधी पोचलोच नव्हतो ना. पुस्तक मिटलं, उठून खिडकीशी उभा राहिलो, परत येऊन उघडलं. चार महिन्यांत पहिल्यांदा मला कुणी समजावत नव्हतं. जे झालं ते चांगल्यासाठी, असं त्या पानांत कुणी म्हणत नाही. दुःख आहे तसं, विस्कटलेलं, समोर ठेवलेलं आहे. ते वाचून मला हलकं वगैरे वाटलं नाही. पण आपल्याला वेड लागलेलं नाही, एवढं कळलं. त्या रात्री मी मोठ्यानं रडलो आणि नंतर सकाळपर्यंत झोपलो.

पण पत्र लिहितोय ते एवढ्यासाठी नाही. त्याच पानांच्या समासात पेन्सिलीची एक रेघ आहे. बारीक, वरपासून खालपर्यंत. एका ठिकाणी इतकी दाबलेली की कागद फाटलाय. ती तुझी रेघ आहे.

तुझा भाऊ गेला त्याला तेव्हा दोनच महिने झाले होते, नाही का? आणि अशा वेळी तू मला हे पुस्तक दिलंस. तू काय देत होतास ते मला कळलंच नाही. मी तुझ्या पाठीवर हात ठेवून 'खंबीर राहा' म्हणालो होतो. नेमकं तेच वाक्य, जे आता मला ऐकवत नाही. वर पुस्तकातल्या शब्दांवरून कुरकुर केली. त्यानंतर तू माझ्यासमोर भावाचं नाव कधी काढलं नाहीस, आणि मीही कधी विचारलं नाही. इतकी वर्षं मी धरून चाललो की तू सावरलास. मला माफ कर.

येत्या रविवारी तुझ्याकडे येतोय. पुस्तक घेऊन येईन, पण परत द्यायला नाही, ते आणखी काही दिवस मला राहू दे. पास मी त्या पानातच ठेवलाय. तुझ्या भावाबद्दल मला सांग. तो कसा हसायचा, कशावरून भांडायचा, तुला काय हाक मारायचा. मी धाकटीबद्दल सांगेन. ती चिडली की चप्पल उलटी घालून तरातरा निघायची, हे तुला माहीत नसेल.

पत्र मिळालं की फोन कर. या वेळी उचलतो.

तुझाच,
मी