कणांआधी पाणी तपास

लातूर

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तुझा आलेख पाहिला. 50 नॅनोमीटरचे सिलिकाचे कण दिल्यावर 24 तासांत टीएचपी-1 पेशींमधून (माणसाच्या रोगप्रतिकारक पेशींचा प्रयोगशाळेतला प्रकार) टीएनएफ-अल्फा आणि आयएल-1 बीटा ही दाहाची दोन्ही संदेश-प्रथिनं (सायटोकाइन) वाढली. पण एवढ्यावर ‘कणांमुळे दाह होतो’ असं लिहू नकोस, बाळा. मला आधी कण ज्यात मिसळलेस त्या पाण्याचा संशय येतो.

आयएल-1 बीटाला दोन इशारे लागतात. पहिल्यावर पेशी त्याचं कच्चं रूप तयार करते; जिवाणूंच्या आवरणातलं एंडोटॉक्सिन (एलपीएस) नेमकं हेच करतं. दुसरा इशारा सिलिकाचा. पेशी कण गिळते, लायसोसोम ही पेशीतली पचनाची पिशवी फुटते, त्यातलं कॅथेप्सिन बी हे विकर बाहेर येतं, पोटॅशियम पेशीबाहेर जातं, एनएलआरपी-3 हा प्रथिनसंच जुळतो आणि कॅस्पेज-1 हे विकर कच्चं रूप कापून पक्कं करतं. टीएनएफला पहिला इशाराच पुरतो. तू एलपीएस दिलंच नाहीस, मग पहिला इशारा आला कुठून? थोडा पीएमएचा, म्हणजे पेशींना भक्षक रूप द्यायला वापरलेल्या रसायनाचा, असेल. म्हणून पीएमए धुऊन पेशींना 24 तास स्वस्थ ठेव, आणि कणांशिवायच्या पेशी शेजारी हव्यातच. उरलेला बहुधा कणांच्या बाटलीतूनच आला.

डिस्टिल्ड पाणी कॅनमध्ये आठ-आठ दिवस साठवतात, असं तूच लिहिलंस. उन्हाळ्यात आपल्या ड्रमला आतून बुळबुळीत थर धरतो ना, तसाच त्या कॅनलाही धरतो, फक्त डोळ्यांना दिसत नाही. त्यात ग्राम-निगेटिव्ह, म्हणजे आवरणात एंडोटॉक्सिन असलेले, जिवाणू वाढतात. ऑटोक्लेव्हमध्ये ते मरतात, एंडोटॉक्सिन तसंच उरतं. 0.22 मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही ते निसटतं, आणि एकदा कणांना चिकटलं की धुऊन नीट निघत नाही. मिलीलिटरमागे 0.1 नॅनोग्रॅमसुद्धा संवेदनशील पेशींना जागं करू शकतं.

म्हणून काचेची भांडी फॉइलमध्ये गुंडाळून 250 अंशांवर 30 मिनिटं कोरडी तापव. कण मात्र तापवू नकोस. त्यांचा पृष्ठभाग बदलू शकतो. पाणी एंडोटॉक्सिनमुक्त, सीलबंद बाटलीतलं घे. मग कणांच्या द्रावणाची एलएएल चाचणी (एंडोटॉक्सिन मोजणारी) कर. त्याच द्रावणात ठरावीक एंडोटॉक्सिन मुद्दाम घालून किती परत मोजलं जातं तेही बघ. 50 ते 200 टक्क्यांच्या बाहेर गेलं तर कणच चाचणीत लुडबुड करताहेत. द्रावण आणखी पातळ करून पुन्हा मोज. शिवाय कण सेंट्रिफ्यूजमध्ये खाली बसवून वरचं नुसतं पाणी पेशींना दे. त्यानेही टीएनएफ वाढलं तर दोष पाण्यातच आहे. नाही वाढलं तरी निर्धास्त होऊ नकोस, कणांना चिकटलेलं एंडोटॉक्सिन खाली बसलेलं असतं.

पडताळणीसाठी उंदराच्या रॉ 264.7 पेशी घेऊ नकोस. त्यांच्यात एनएलआरपी-3 ला कॅस्पेज-1 शी जोडणारं एएससी प्रथिनच नाही, त्यामुळे पक्कं आयएल-1 बीटा मिळणार नाही.

माध्यमातल्या सिरमचं (रक्तातल्या प्रथिनयुक्त द्रवाचं) प्रमाण सगळीकडे एकच ठेव. कणांवर प्रथिनांचं आवरण काही क्षणांतच चढतं. सिरम नसेल तर उघडी सिलिका पेशीच्या पटलाला जास्त इजा करते आणि सगळा हिशोब बदलतो. कणांचा आकारही पाण्यात नाही, पेशींच्या माध्यमातच मोज, क्षारांमुळे गुठळ्या होतात.

एलायझाआधी, म्हणजे प्रथिनं मोजण्याच्या चाचणीआधी, कण खाली बसव. ते सायटोकाइन शोषून घेतात आणि आकडा खोटाच कमी येतो. माहीत असलेलं टीएनएफ कणांसोबत ठेवून किती उरतं ते एकदा तपासून घे.

नवा आलेख पाठवशील तेव्हा सगळ्या कंट्रोलच्या रेघाही त्यात असू देत.

तुझी,
आई